विश्लेषण : वादळ तासाभराचे, मग विमान चार तास उशिरा का? उन्हाळी प्रवासाचे गणित आणि प्रवाशांचे हक्क

कोपरखैरणेत बॅगा भरून दाराशी ठेवल्या आहेत. टॅक्सी साडेसहाला सांगितली आहे. पावणेसहाला मोबाइलवर संदेश येतो : ‘आपले रात्री ९.३० चे विमान आता मध्यरात्रीनंतर १.४५ वाजता सुटेल.’ बाहेर आभाळ मोकळे आहे. चार वाजता धुळीचे वादळ आले होते, पण ते तासाभरात शमले. मग रात्रीच्या विमानाला सव्वाचार तासांचा उशीर कशासाठी? आणि या उशिराचे पैसे मिळतील का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना ठाऊक नसते. देशांतर्गत प्रवासात विमान केवळ उशिरा सुटले म्हणून रोख भरपाई देण्याची तरतूद आपल्या नियमांत नाही. खाणेपिणे, पर्यायी विमान, तिकिटाचा परतावा आणि काही वेळा हॉटेल एवढेच मिळते, तेही ठरावीक तास उलटल्यावर. चुकलेले पुढचे विमान, वाया गेलेली हाउसबोट, रिकामी परतलेली टॅक्सी हा खर्च बहुतेकदा प्रवाशाच्याच खिशातून जातो. म्हणून उन्हाळी सहलीचे तिकीट काढतानाच उशिराचा हिशेब मांडणे गरजेचे ठरते. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा असल्याने कोपरखैरणे, घणसोली, वाशीकरांसाठी या हिशेबात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे.

तासाभराचे वादळ रात्रभर का छळते?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. मात्र त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. याच मर्यादेत ११ नोव्हेंबर २०२३ रोजी या विमानतळाने २४ तासांत १,०३२ उड्डाणे आणि उतरणी हाताळून विक्रम केला होता. पण एवढ्या गर्दीत वेळापत्रकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. विमानांना मुंबईच्या आकाशात ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत असल्याचे नमूद करून केंद्र सरकारने २०२४ च्या सुरुवातीला गर्दीच्या तासांतील विमानांची संख्या ताशी ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणायला लावली.

आता एक सोपे गणित करू. समजा, धावपट्टीची क्षमता ताशी ४४ विमानांची आहे आणि वेळापत्रक ताशी ४० विमानांचे. वादळामुळे तासभर काम थांबले, तर ४० विमाने तुंबतात. पुढच्या प्रत्येक तासात ठरलेली ४० विमाने तर हाताळायचीच असतात. मागची थकबाकी फेडायला उरतात फक्त चार जागा. म्हणजे ४० विमानांची थकबाकी फिटायला १० तास लागतात. संध्याकाळी पाचला आभाळ मोकळे झाले, तरी वेळापत्रक रुळावर यायला पहाटेचे तीन वाजतात. प्रत्यक्षात काही विमाने रद्द होतात, काही दुसरीकडे वळवली जातात आणि हा काळ कमी-जास्त होतो. तत्त्व मात्र हेच.

१३ मे २०२४ हे त्याचे ठळक उदाहरण. घाटकोपरमध्ये जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी घेणाऱ्या त्या दिवशीच्या वादळात मुंबई विमानतळावरील वाहतूक सुमारे ६६ मिनिटे थांबली होती आणि १५ विमाने अन्यत्र वळवावी लागली होती. संध्याकाळी ५ वाजून ३ मिनिटांनी वाहतूक पुन्हा सुरू झाली. पण वळवलेले विमान जिथे उतरते तिथे इंधन भरून, परवानगी मिळवून परत येते. त्याच विमानाने पुढे कुठे तरी जायचे असते आणि तिथले प्रवासी ताटकळत राहतात.

एका फेरीचा उशीर दुसऱ्या फेरीला कसा लागतो?

देशांतर्गत मार्गांवरील एक विमान दिवसभरात साधारण पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी मुंबई–नागपूर, मग नागपूर–मुंबई, दुपारी मुंबई–गोवा, गोवा–मुंबई आणि रात्री मुंबई–दिल्ली, असा त्याचा दिवस असू शकतो. दोन फेऱ्यांमध्ये प्रवासी उतरणे, सफाई, इंधन आणि नवे प्रवासी चढणे यासाठी अर्धा-पाऊण तासच ठेवलेला असतो. सकाळी गेलेला एक तास दिवसभरात भरून निघेलच असे नसते, उलट तो वाढत जातो. म्हणून पहाटेचे पहिले विमान सर्वात भरवशाचे. ते रात्री बहुधा त्याच विमानतळावर उभे असते आणि आधीच्या फेऱ्यांचे ओझे त्याच्यावर नसते.

वैमानिक आणि केबिन कर्मचारी हा साखळीचा दुसरा दुवा. त्यांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. विमान तयार असले तरी उशिरामुळे वैमानिकाची वेळ संपली, तर दुसरा येईपर्यंत उड्डाण होत नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोची हजारो उड्डाणे डिसेंबर २०२५ मध्ये रद्द झाली. मनुष्यबळात मोकळीक नसली की काय होते, ते तेव्हा देशाने पाहिले.

उन्हाळ्यात नेमके काय बिघडते?

सुट्ट्यांची गर्दी हे एक कारण. विमाने भरलेली असल्याने एखादे रद्द झाले, तर त्यातल्या प्रवाशांना पुढच्या विमानात जागा मिळत नाही. त्याखेरीज आणखी तीन कारणे आहेत.

पहिले, हवामान. उत्तरेत एप्रिल-मेमध्ये धुळीची वादळे आणि गारपीट होते. २४ मे २०२५ च्या रात्री दिल्लीत आलेल्या वादळामुळे काही तासांत ४९ विमाने इतरत्र वळवावी लागली. दिल्ली तुंबली की मुंबईलाही त्याचा फटका बसतो, कारण या दोन शहरांदरम्यान दिवसभर विमानांची ये-जा असते.

दुसरे, उष्णता. तापलेली हवा विरळ होते, विमानाला मिळणारी उचल कमी होते आणि उड्डाणासाठी लांब धावपट्टी लागते. समुद्रसपाटीवरील मुंबईत हा प्रश्न गंभीर होत नाही. सुमारे साडेदहा हजार फूट उंचीवरच्या लेहमध्ये मात्र तो कळीचा ठरतो. जुलै २०२४ च्या अखेरीस तापमान वाढल्यामुळे तिथली विमाने रद्द करावी लागली होती. लेहची बहुतेक उड्डाणे सकाळीच का असतात, याचे एक कारण हेच.

तिसरे, ठरवून केलेली दुरुस्ती. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या मे महिन्यात एक दिवस सहा तास बंद ठेवल्या जातात. २०२४ मध्ये ९ मे रोजी आणि २०२५ मध्ये ८ मे रोजी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पर्यंत हे काम झाले. ही तारीख आधीच जाहीर होते. त्या दिवशीचे दुपारी-संध्याकाळचे तिकीट टाळणे प्रवाशाच्या हातात असते.

उशीर किती तासांचा, हक्क कोणता?

नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमावलीत उशिराच्या तासांनुसार हक्क ठरवून दिले आहेत. प्रवासी वेळेत चेक-इनसाठी पोहोचलेला असणे ही पहिली अट.

• अडीच तासांपर्यंतचा प्रवास (मुंबई–गोवा, मुंबई–दिल्ली) : दोन तास किंवा अधिक उशीर झाल्यास मोफत खाणेपिणे.

• अडीच ते पाच तासांचा प्रवास (मुंबई–श्रीनगर) : तीन तास किंवा अधिक उशीर झाल्यास मोफत खाणेपिणे.

• त्याहून लांबचा प्रवास : चार तास किंवा अधिक उशीर झाल्यास मोफत खाणेपिणे.

• देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर : सहा तासांच्या आत सुटणारे पर्यायी विमान किंवा तिकिटाचा पूर्ण परतावा. निवड प्रवाशाची.

• २४ तासांपेक्षा जास्त उशीर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर : मोफत हॉटेल.

युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमांखाली तीन तास किंवा अधिक उशिराने पोहोचल्यास २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. समाजमाध्यमांवर फिरणारे ‘विमान लेट? पैसे मिळवा’ असे संदेश बऱ्याचदा त्या नियमांवर बेतलेले असतात. देशांतर्गत प्रवासाला ते लागू नाहीत.

विमान रद्द झाल्यास मात्र रोख भरपाईचा प्रश्न येतो. वेळेत सूचना दिली नसेल, तर परतावा किंवा पर्यायी विमानाखेरीज भरपाई देय होते. प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक असेल तर १०,००० रुपये. ही कमाल मर्यादा आहे. एकेरी मूळ भाडे आणि इंधन शुल्क मिळून होणारी रक्कम याहून कमी असेल, तर तेवढीच मिळते.

यात दोन पळवाटा लक्षात ठेवाव्यात. एक, तिकिटावर संपर्काचा योग्य तपशील नसेल, तर भरपाई मिळत नाही. सहल कंपनी किंवा एजंट अनेकदा सर्वांच्या तिकिटांवर स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकतो. संदेश त्याच्याकडे जातो आणि प्रवासी अंधारात राहतो. दोन, खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, नैसर्गिक आपत्ती, सरकारी आदेश, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असल्यास भरपाईचे बंधन नसते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर श्रीनगर, लेह, जम्मू, अमृतसर, चंडीगडसह ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद होते आणि १२ मे रोजी ते पुन्हा खुले झाले. ऐन सुट्टीतल्या सहली त्यामुळे कोलमडल्या. अशा वेळी कंपनीला मिळणारी सूट भरपाईपुरती असते. जे विमान उडालेच नाही, त्याच्या तिकिटाचे पैसे ती ठेवून घेऊ शकत नाही.

मग कोपरखैरणेच्या त्या कुटुंबाला काय मिळेल?

समजा, त्या चौघांचे दिल्लीपर्यंतचे तिकीट एका कंपनीचे आहे आणि सकाळी ६ वाजताचे दिल्ली–श्रीनगर तिकीट स्वस्त मिळाले म्हणून दुसऱ्या कंपनीचे काढले आहे. नियम लावून पाहू.

उशीर सव्वाचार तासांचा आहे, म्हणजे खाणेपिणे मिळेल. विमान रात्री ८ नंतरचे आहे, पण उशीर सहा तासांपेक्षा कमी आहे, म्हणून हॉटेल नाही. त्याच कारणाने परताव्याचा हक्कही नाही. विमान १.४५ ला सुटून चारच्या सुमारास दिल्लीत उतरेल. बॅगा हाती यायला साडेचार वाजतील. दिल्लीचे टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ एकमेकांपासून लांब आहेत, मध्ये रस्त्याने जावे लागते. सहाच्या विमानाचे चेक-इन साधारण तासभर आधी, म्हणजे पाचला बंद होते. मुंबईहून निघायला आणखी अर्धा तास लागला, तर श्रीनगरचे विमान गेलेच. दुसऱ्या कंपनीच्या लेखी हे प्रवासी ‘आलेच नाहीत’ आणि पहिल्या कंपनीने त्यांना दिल्लीला पोहोचवलेले आहे. चौघांची ऐनवेळची नवी तिकिटे पदरमोड करूनच काढावी लागतात.

हाच प्रवास एकाच पीएनआरवर असता, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर आली असती. सुरुवातीला वाचलेले हजार-दोन हजार रुपये इथे महाग पडतात.

दोन विमानतळांमुळे काय बदलले?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. कोपरखैरणेकरांसाठी ऐरोली पूल–जेव्हीएलआर किंवा वाशी पूल–चेंबूर मार्गावरची कोंडी टाळण्याचा हा मोठा पर्याय आहे. पाम बीच मार्गे उलव्याकडे जाता येते. रेल्वेने जायचे तर नेरुळला गाडी बदलून उरण मार्गावरील तरघर हे विमानतळाजवळचे स्थानक आहे. मात्र उरण मार्गावर लोकलच्या फेऱ्या मोजक्या असल्याने वेळापत्रक आधी पाहावे.

मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. तिकिटाच्या ॲपवर ‘मुंबई’ टाकले की दोन्हींची विमाने एकाच यादीत दिसू शकतात. जाताना उलवे आणि परतताना अंधेरी, असे तिकीट नकळत निघते. विमान रद्द झाल्यावर देऊ केलेले पर्यायी विमानही दुसऱ्या विमानतळावरचे असू शकते. होकार देण्यापूर्वी कोड वाचावा. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडण्याचा बेत असेल, तर मध्ये मुंबई-नवी मुंबईची वाहतूक येते हे गृहीत धरून वेळ ठेवावा.

जाण्यापेक्षा परतणे जोखमीचे

राज्यातील बहुतांश शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. म्हणजे सुट्टीचा शेवटचा दिवस साधून काढलेले परतीचे तिकीट नेमके पहिल्या मोठ्या पावसाच्या आठवड्यात पडते. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि लवकर येण्याचे जुने विक्रम मोडले. परतीचे विमान आणि शाळेचा किंवा कामावर रुजू होण्याचा दिवस यांत किमान एक मोकळा दिवस असावा. दोन्हीपैकी एकाच बाजूला मोकळीक ठेवता येणार असेल, तर ती परतीच्या बाजूला ठेवावी.

तिकीट काढताना

• लग्न, चारधामची नोंदणी, क्रूझ किंवा परदेशी विमान अशी न हलणारी तारीख असेल, तर आदल्या दिवशी पोहोचावे.

• शक्यतो दिवसातले पहिले विमान घ्यावे. संध्याकाळच्या विमानाने निघायचे असेल, तर त्याच रात्री पुढचे काही ठरवू नये.

• पुढचे विमान असल्यास दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर घ्यावीत. विमानानंतर रेल्वे असेल, तर मध्ये किमान पाच-सहा तास ठेवावेत.

• पहिल्या रात्रीचे हॉटेल रद्द करता येण्याजोगे घ्यावे. उशिरा येण्याची शक्यता हॉटेलला लेखी कळवावी, नाही तर ‘पाहुणा आला नाही’ म्हणून खोली दिली जाऊ शकते.

• प्रवास विमा घेताना किती तासांच्या उशिरानंतर पैसे मिळतात, ते वाचावे.

• गोव्यासारख्या ठिकाणासाठी पनवेलहून सुटणाऱ्या गाड्यांचाही विचार करावा. ठाणे–पनवेल लोकल कोपरखैरणेवरूनच जाते आणि मुंबई–मडगाव वंदे भारत पनवेलला थांबते.

उशिराचा संदेश आल्यावर

• संदेशाचा स्क्रीनशॉट घ्यावा. पुढे तक्रार करताना हाच पुरावा.

• नवी वेळ आली म्हणून घरी निवांत बसू नये. चेक-इनची वेळही बदलली आहे का, ते कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. विमान आधी ठरलेल्या नव्या वेळेपेक्षा लवकर सुटू शकते.

• फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर आपले विमान सध्या कुठे आहे ते पाहावे. ते अजून नागपूरलाच उभे असेल, तर नव्या वेळेवर किती विश्वास ठेवायचा ते कळते.

• उशिराचे कारण विचारावे. उशिराची माहिती आणि कारण प्रवाशांना वेळोवेळी कळवण्याच्या सूचना डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये कंपन्यांना दिल्या आहेत. विम्यासाठी उशिराचे प्रमाणपत्रही काउंटरवर मागावे.

• सहा तासांची मर्यादा ओलांडली असेल, तर परतावा की पर्यायी विमान, हे स्वतः ठरवावे. घाईत ॲपवरचे ‘रद्द करा’ बटण दाबू नये. कंपनीने रद्द केले तर पूर्ण परतावा मिळतो, प्रवाशाने स्वतः केले तर रद्द शुल्क कापले जाऊ शकते.

दाद कुठे मागायची?

पहिली तक्रार विमान कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे करावी. तिथे समाधान झाले नाही, तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतरचा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. त्यामुळे कोपरखैरणेच्या प्रवाशाला कंपनीचे मुख्यालय असलेल्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत, ठाणे जिल्ह्यातच दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही दाखल होते.

अशी तक्रार तडीस जाते का? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेला एक निकाल रेल्वेचा असला, तरी इथे उपयोगी आहे. जून २०१६ मध्ये अजमेर–जम्मू एक्स्प्रेस सुमारे चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे जम्मू–श्रीनगर विमान चुकले आणि त्यांना टॅक्सीने श्रीनगर गाठावे लागले. उशिराचे कारण पुराव्यासह सांगण्याची जबाबदारी रेल्वेचीच आहे, असे म्हणत न्यायालयाने भरपाईचा आदेश कायम ठेवला. टॅक्सीसाठी १५,००० रुपये, बुकिंगच्या नुकसानीसाठी १०,००० रुपये, शिवाय मनस्ताप आणि दाव्याच्या खर्चासाठी प्रत्येकी ५,००० रुपये. पण या निकालासाठी त्या कुटुंबाला पाच वर्षे थांबावे लागले, हेही तितकेच खरे.

टॅक्सीची पावती, हॉटेलचा ईमेल, कंपनीचा संदेश हे सगळे जपून ठेवलेच पाहिजे. पण हातातले पुढचे विमान चुकू द्यायचे नसेल, तर त्याचा उपाय तिकीट काढतानाच करावा लागतो : एकच पीएनआर, सकाळचे विमान आणि मध्ये एक मोकळा दिवस.